तुळशीच्या आधीचं लग्न

तुमच्या तेराव्याला जुना मुकादम आला होता. आधी मला ओळखू आला नाही. दात गेलेत, हातात काठी आली आहे, पण तोंड तेच. पंगतीत बसल्या बसल्या त्यानं तुमची आठवण काढली. म्हणाला, "लई गरीब माणूस. माझ्या टोळीत आल्ता तव्हा अर्धा कोयता व्हता. कोयता पुरा करायला चार दिसांत लगीन केलं गड्यानं. तुळशीचं लागायच्या आधी ह्याचं लागलं." लोक हसले, तेराव्याला हसतात तसे, माना खाली घालून. आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कारण ह्या गोष्टीतलं पुढचं वाक्य माझं असतं, हे आपल्या सगळ्या गणगोताला पाठ आहे. "मला नांदायला थोडंच आणलं, मोळ्या उचलायला आणलं," हे मी तीस वर्षं म्हणत आले.

त्या दिवशी मी म्हणाले, "मुकादम, बुंदी घ्या अजून."

एवढंच. खरं काय ते मला ठाऊक होतं, आणि मी बुंदी वाढत पुढच्या पानाकडे गेले. आपली लेक मनी दारात उभी राहून माझ्याकडे पाहत होती, तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल कीव होती. ती कीव मला सोसली नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. अंगणवाडीच्या रजिस्टरापलीकडे मी फारसं काही लिहिलेलं नाही, तेव्हा वेडंवाकडं झालं तर सांभाळून घ्या. तुम्ही आजवर काय दुसरं केलंत.

कोयता म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. पण उद्या मनीच्या मुलांच्या हाती हा कागद पडला तर त्यांना कळायला हवं. ऊसतोडीच्या टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवऱ्यानं ऊस तोडायचा, बायकोनं पाचट काढून मोळी बांधायची आणि डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायची. दोघं मिळून एक कोयता. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत कुणी विचारत नाही. म्हणून टोळी निघायच्या तोंडावर आपल्याकडे अशी लग्नं उरकतात. पण त्यालाही काही रीत आहे. चातुर्मास संपून तुळशीचं लग्न लागल्याशिवाय माणसाचं लावू नये म्हणतात. आपलं त्याच्याही आधी लागलं.

मंगळवारी तुम्ही तुमच्या मामांना घेऊन मला पाहायला आलात. शनिवारी मारुतीच्या पारावर लग्न. भटजींनी ह्या दिवसांत येणार नाही म्हणून सांगितलं, तेव्हा गावच्या गुरवानंच चार मंगलाष्टकं म्हटली. सोमवारी मी टोळीच्या ट्रकमध्ये बसले होते, हळद अंगावर तशीच. मी दहावी पास झालेली पोरगी, मंठ्याला जाऊन पुढं शिकायचं डोक्यात. माझी चुलती पाण्यावर बायकांना सांगत होती, "पोरीत कायतरी खोट असंल, न्हाईतर बापानं एवढी जल्दी केली नसती." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. आणि अक्षता पडल्यावर मुकादम तुमच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "चला, पुरा झाला कोयता." ते ऐकून तुम्ही हसलात.

त्या एका हसण्यावर मी सगळा संसार तोलला. तुम्ही का हसलात, हे विचारायची मला कधी गरज वाटली नाही. मला वाटलं, मला कळलंच आहे.

पहिल्याच पंधरवड्यातली गोष्ट. तुमची तोड लवकर उरकायची, मग तुम्ही येऊन माझ्या मोळ्या बांधायला लागायचात, आणि त्या बारीक बांधायचात. शेजारच्या फडातल्या बायका मला चिडवायच्या, "नवी नवरी काडीकाडीनं ऊस न्हेऊन राह्यली." मी समजले, हा माणूस चारचौघांत दाखवतोय की बायको कामाची निघाली नाही. म्हणून तुमची पाठ वळली की मी दोन मोळ्या सोडून एक बांधायची. इतरांच्या मोळ्यांहून मोठी. तुम्ही बघायचात आणि पुढची मोळी पुन्हा बारीकच बांधायचात. महिन्याभरात माझी मान धरली. तुम्ही बाजारातून तिळाचं तेल आणलंत आणि कोपीत, आपल्या पाचटाच्या झोपडीत, माझ्या उशाशी ठेवून दिलंत. मी म्हणाले, "व्हय, काम थांबायला नगं." तुम्ही तेलाची बाटली जरा भिंतीकडे सरकवलीत, लवंडू नये म्हणून, आणि बाहेर गेलात.

एकदा मात्र तुम्ही सांगायला निघाला होतात. दुसऱ्या वर्षीची गोष्ट, अवकाळी पाऊस लागला आणि दोन दिवस फड बंद होता. आपण कोपीत बसलो होतो. वरून पाचटातून पाणी गळत होतं, त्याखाली मी पातेलं ठेवलं होतं.

"लग्नाची घाई का केली, सांगू का तुला?" तुम्ही म्हणालात.

"मला ठावं हाय. समद्या टोळीला ठावं हाय."

"तसं न्हाई ते."

"मंग कसं? तुमचा कोयता अर्धा नव्हता?"

"व्हता."

"मंग झालं."

तुम्ही कानस घेतली आणि पाऊस उघडेपर्यंत कोयत्याला धार लावत बसलात. मला आठवतं, मला जिंकल्यासारखं वाटलं होतं. आज ते आठवलं की मान वर होत नाही.

तुम्हाला भांडता येत नव्हतं, हे मात्र मी आजही म्हणेन. भांडण दोघांचं असतं. तुम्ही मला त्यात एकटीला सोडून द्यायचात आणि पाणी भरायला निघून जायचात. नळाला पाणी नसलं तरी जायचात. मी एकटी किती भांडणार? मग मीच प्रश्न, मीच उत्तर, आणि निकालही माझाच. शेवटच्या आठवड्यात तुमच्या चहातल्या चोरून घातलेल्या साखरेवरून आपलं झालं, त्याचाही निकाल लागायचा राहिला आहे. तुम्ही म्हणालात, "उद्या बोलू." तो उद्या काही आला नाही. साखर घातली होती ना तुम्ही? मला डब्यातला चमचा ओला दिसला होता.

सहा हंगाम झाले आणि मनी शाळेच्या वयाची झाली. तेव्हा तुम्ही मुकादमाला सांगितलंत की आता येत नाही. तो चिडला, चार माणसांत तुम्हाला घालूनपाडून बोलला. तुम्ही जालन्याला एमआयडीसीत बियाणाच्या प्लँटवर पोती उचलायचं काम धरलंत, मागच्या बाजूला दोन खोल्या बघितल्या. मी काय म्हणाले? "कोयता मोडला, आता बायकोचं काय काम." आणि तुम्ही माझा दहावीचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून, शर्टाच्या आत पोटाशी धरून, सायकलवर खेटे घातलेत. अंगणवाडीची जागा निघाली आहे हे मला तुमच्याकडून कळलं. मुलाखतीच्या दिवशी तुम्ही बाहेर लिंबाखाली उभे होतात. मी बाहेर आल्यावर तुम्ही विचारलंत, "काय विचारलं?" मी म्हणाले, "तुम्हाला काय कळणार त्यातलं."

नंतर मुलांचा वजनकाटा टांगायला तुम्हीच यायचात. झोळीत बसवलं की मुलं रडायची, आणि तुम्ही समोर उकिडवं बसून त्यांच्याकडे नुसतं बघत राहायचात. ती गप्प बसायची. कशी बसायची देव जाणे. मुलं तुम्हाला वजनवाले बाबा म्हणायची. तुमच्या तेराव्याला त्यातली तीन-चार मुलं येऊन गेली, आता मिशा फुटल्यात त्यांना. मी त्यांना जेवायला बसवलं आणि तुमच्याबद्दल एक चांगला शब्द त्यांच्यासमोर बोलू शकले. तेवढंच एक त्या दिवशी बरं झालं.

आता ते सांगते, जे तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

तात्यांच्या, माझ्या वडिलांच्या, शेवटच्या दुखण्यात मी पंधरा दिवस माहेरी राहिले, नऊ वर्षं झाली त्याला. एका दुपारी त्यांना पेज भरवत होते. मी सवयीनं बोलून गेले असेन काहीतरी तुमच्याबद्दल, नेहमीचंच, कोयत्याचं. तात्यांनी वाटी बाजूला केली.

"जावयाला मी शपथ घातली व्हती," ते म्हणाले. "आता मी चाललो. तुला सांगून टाकतो."

"कशाची शपथ?"

"तुला मी त्येंच्या भावकीतल्या एका बिजवराला देऊन बसलो व्हतो. तुळशीचं लगीन झालं की तुझं लावायचं, असं ठरल्यालं. हुंडा नगं म्हणला, मी भुललो. चौकशी बिलकुल केली न्हाई. पहिली बायको आजारानं मेली असं मला सांगितलं. ती विहिरीत गेल्ती, पोरी. त्याच्या मारापायी गेल्ती."

तात्या धाप टाकत पुढं सांगत राहिले. तुम्ही एकटे आलात, शेतात त्यांना गाठलंत आणि सगळं सांगितलंत. म्हणालात, तुळशीच्या आधी मलाच द्या. तुमच्या आईला खरं सांगून चालणार नव्हतं. भावकीतली ठरलेली सोयरीक तिच्या मुलानंच मोडली असं झालं असतं, तर भावकीनं तुम्हाला गावात राहू दिलं नसतं. म्हणून खरं कारण न सांगता तुम्ही मुकादमाला हाताशी धरलंत. "कोयता अर्धा हाय, लगीन आत्ताच पाहिजे," असं त्यालाच घरी येऊन सांगायला लावलंत. बिजवराला तात्यांनी आपल्या तोंडानं नकार कळवला, आणि कोयत्याची सबब सगळ्यांना पटली. मलाही पटली.

"मंग मला का न्हाई सांगितलं?" मी विचारलं.

"मीच न्हाई म्हणलो. आपला बाप आपल्याला विहिरीत लोटून राह्यला व्हता, असं तू म्हणली असती. मला ते सोसलं नसतं. तो म्हणला, बराबर हाय तात्या, माझ्यावर येऊ द्या."

मग मी विचारलं, की पण त्यांनी हे का केलं, माझी त्यांची ओळख ना पाळख. तात्या जरासे हसले. "जांबच्या जत्रेत पाह्यलं व्हतं म्हणं तुला. प्रसादाच्या रांगेत घुसला व्हता, तू त्याला मागं हाकललं."

मला तुम्ही आठवत नाही. खूप आठवून पाहिलं, अजूनही पाहते. दर रामनवमीला आम्ही जांबला जायचो आणि रांगेत घुसणाऱ्यांना मी दर वर्षी हाकलायचे. त्यातले तुम्ही कोणते? लांब बाह्यांचा शर्ट होता का? टोपी होती का? ज्या तोंडानं तुम्हाला कधी सुख दिलं नाही, त्याच तोंडावर भुलून तुम्ही आलात, हे कळल्यावर मी तात्यांच्या ओसरीत कितीतरी वेळ बसून होते. मला आनंद झाला होता. खोटं कशाला सांगू. चाळिशीला टेकलेल्या बाईला नवरीसारखी लाज वाटत होती.

तात्यांचं दिवसपाणी उरकून मी एसटीत बसले ते तुम्हाला सांगायचं ठरवूनच. मंठ्यापासून जालन्यापर्यंत वाक्यं जुळवली. "मला तात्यांनी सांगितलं. माझं चुकलं." बास, एवढंच म्हणायचं होतं. घरी आले तर तुम्ही पिठलं-भाकरी करून ठेवली होती. तुम्ही पाण्याचा तांब्या दिलात, म्हणालात, "दमली असशील." आणि मी ओट्याकडे बघून म्हणाले, "एवढं पीठ कशाला सांडलं?"

नंतर सांगू, असं वाटलं. मग आठवडा गेला, महिना गेला. जितका उशीर होत गेला तितकं अवघड झालं, कारण आता दोन गुन्हे कबूल करायचे होते. पण हेही पूर्ण खरं नाही. तुम्ही आता नाही आहात तर खरं सगळंच बोलते. आपल्या घरात माझा शब्द चालायचा तो मी अन्याय झालेली होते म्हणून. तुम्ही मान खाली घालून वागायचात, आत्याबाई, तुमच्या आई, माझ्यापुढं नमतं घ्यायच्या, नातेवाईक म्हणायचे, बिचारीनं सोसलं. ते मला सोडवेना. माझी चूक होती हे मान्य केलं असतं तर मी कोण उरले असते? एक कजाग बाई, जिला चांगला नवरा मिळाला आणि तो तिला ओळखता आला नाही. ह्याच्यापेक्षा अन्याय झालेली बरी. म्हणून सगळं कळूनही मी ते जुनं वाक्य बोलत राहिले. आधी अज्ञानानं बोलत होते, नंतर जाणूनबुजून. तुमच्या तोंडावर.

आणि ते वाक्य आपल्या पोरीनं उचललं.

दोन दिवाळ्यांमागची गोष्ट. मनी माहेरी आली होती. दवाखान्यातल्या पाळ्या करून ती वैतागलेली, त्यात जावयाशी काहीतरी बिनसलेलं. तुम्ही आपलं बापाच्या मायेनं म्हणालात, "जरा त्याचंही ऐकून घेत जा, बाई." ती एकदम उसळली.

"तुम्ही मला संसार शिकवू नका, बाबा. तुम्हाला बायको कुठं पाहिजे होती? तुम्हाला कोयता पाहिजे होता. आईची सगळी जिंदगी त्यात गेली."

तुम्ही तिच्याकडे पाहिलंत. मग माझ्याकडे पाहिलंत. मी चिवडा डब्यात भरत होते. तात्यांना जाऊन सात वर्षं झाली होती, ती शपथ तुम्हाला आता कुणी विचारणार नव्हतं. एका वाक्यात तुम्ही सुटला असता. तुम्ही म्हणालात, "बराबर हाय, बाई." पायात चपला घातल्यात आणि बाहेर गेलात.

मला सात वर्षांपासून सगळं माहीत होतं. मी डब्याला झाकण लावलं आणि दुसरा डबा पुढं ओढला.

त्यानंतर मनी तुमच्याशी कामापुरतंच बोलायची. फोन माझ्या मोबाइलवर यायचा, आणि विचारपूस माझी व्हायची. तुम्ही चष्मा पुसत जवळ बसून असायचात. फोन ठेवला की विचारायचात, "काय म्हणली मनी?" मी म्हणायचे, "काय न्हाई, बरी हाय." कधीतरी, एखाद्या वेळी, तुमच्या हाती फोन देऊन "बोला तुम्ही" एवढं तरी म्हणायला हवं होतं. त्याला कुठल्या कबुलीची गरज नव्हती. प्लँटच्या गेटपाशी तुम्ही खाली बसलात आणि दवाखान्यात पोचायच्या आधी गेलात, तेव्हा पोरीचा आवाज तुमच्या कानावर पडून किती दिवस झाले होते, ते मला ठाऊक आहे. तिलाही आता ठाऊक आहे.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ती बॅग भरत होती. म्हणाली, "आई, चल आता माझ्याकडे. आतापर्यंत लई सोसलंस, आता तरी सुखानं राहा." तिचा हात माझ्या खांद्यावर होता. मी तो काढला आणि म्हणाले, "खाली बस."

सगळं सांगितलं. बिजवर, विहीर, शेतातली भेट, मुकादमाला हाताशी धरलेलं, जांबची रांग. तात्यांचं नाव खाली जाऊ नये म्हणून तुम्ही तीस वर्षं जे स्वतःवर घेतलंत, ते मी पाच मिनिटांत तिच्यासमोर ठेवलं. तात्यांच्या आत्म्याला काय वाटायचं ते वाटो. मनी रडली नाही. ती नर्स आहे, तिला आधी सगळं नीट ऐकून घ्यायची सवय आहे. मग तिनं विचारलं, "तुला हे कधी कळलं?"

"आजोबा गेले तव्हा."

"म्हणजे मी बाबांना तसं बोलले, तेव्हा तुला माहीत होतं."

"व्हय."

"तू तिथंच होतीस."

"व्हय, तिथंच व्हते."

तिनं बॅगेची चेन लावली. जावई रिक्षा घेऊन आले होते, ते म्हणाले, "आईंना घ्यायचं होतं ना?" ती म्हणाली, "नाही." रिक्षा वळली तेव्हा तिनं मागं पाहिलं नाही.

त्याला आज चार दिवस झाले. फोन आलेला नाही. मी करून पाहावा असं दिवसातून दहादा वाटतं. माझ्याकडे सांगायला पुष्कळ आहे, वाक्यं जुळवायची मला सवय आहे, रडूनही दाखवता येईल. पोरगी विरघळेल, आणि पुन्हा मी बिचारी होईन. म्हणून मोबाइल कपाटात ठेवला आहे. तिचा तुमच्यावरचा सगळा राग आता माझ्या नावावर आला आहे, आणि तो तिथंच असायला हवा होता. तो कमी करायला मी एक शब्दही बोलणार नाही. तुमच्यासाठी मी एवढं एकच काम केलं आहे, तेही तुम्ही गेल्यावर.